सहलीतली कपडेखरेदी: पैसे वेगळे काढता का? कसे?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं एव्हाना झाली असतील. तिकिटं, हॉटेल, गाडी, जेवण यांचा हिशोब सगळेच मांडतात. कपड्यांचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू'. मग साडी मनात भरते पण हात आखडतो, नाहीतर खरेदी दणक्यात होते आणि परतीच्या गाडीत नवरा-बायको गप्प. हा रकाना वेगळा हवाच, असं माझं ठाम मत आहे. माझी भिशी लागली की ती रक्कम सहलीतल्या कपड्यांची. घरातल्या दुसऱ्या कशासाठी तिला हात लावत नाही. तुम्ही रक्कम कशी ठरवता, कुठे काय घेतलंत, सविस्तर लिहा.

रेवाकाठ:
आमच्याकडे रक्कम माणसांच्या नावाने निघते. आईची साडी, सासूबाईंची साडी, माझी, नवऱ्याचा कुर्ता. प्रत्येकाचं पाकीट निराळं, वर नाव लिहिलेलं.

महेश्वरला गेलो तेव्हा याचा फार उपयोग झाला. इंदूरहून गाडीने दोनेक तासांचा रस्ता. अहिल्याबाईंनी इथे राजधानी केली, विणकरांना आश्रय दिला, आणि अजून गल्लीतून चालताना घराघरातून मागाची खटखट ऐकू येते. रेहवा सोसायटी ही विणकरांसाठीची संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे काम करते आहे. दुकानात शिरण्याआधी कुठला तरी माग चालताना बघाच. आपण पैसे कशाचे मोजतो ते तिथे कळतं. नीमरेशमी साडीत उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे, म्हणून ती चमकतेही आणि अंगावर हलकीही बसते. निव्वळ सुती त्याहून स्वस्त, भरपूर जरीची महाग. काठावरच्या लहर, चटई, वीट या नक्ष्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांत दिसतात. आधी घाटावर फिरून मग साडी बघितली तर निवड करणं सोपं जातं.

सासूबाईंची साडी ट्यूबलाइटखाली काळपट वाटत होती. दुकानातल्या काकांनी ती दारात नेऊन उन्हात धरली, तर रंग गर्द वांगी! काठ उलटून दाखवला, तर मागूनही तितकाच रेखीव. तीच घेतली. आईच्या पाकिटात पैसे उरले होते, पण ते सासूबाईंच्या साडीत घातले नाहीत. आईला त्यात एक दुपट्टा आला. ज्याच्या नावाचे, त्यालाच. हे पाळलं की घरी कुणाचंच मन दुखत नाही.

डोंगरवाट:
आम्ही टूरवाल्यांबरोबर जातो. बस ज्या दुकानासमोर थांबते तिथे घ्यायचं नाही, हे निघतानाच ठरलेलं असतं. कुल्लूला एका दुकानात शाल 'शुद्ध पश्मिना' म्हणून पुढे केली आणि आम्ही उठायला लागताच भाव निम्म्यावर आला. नंतर भुट्टिकोत गेलो. ही विणकरांची सहकारी संस्था १९४४ पासूनची, भाव पक्के. घासाघीस नसल्यामुळे काढलेल्या रकमेत काय बसतं ते लगेच समजतं. साध्या लोकरीची, अंगोरा सशाची लोकर मिसळलेली, पश्मिन्याची अशी चढती भाजणी असते. नक्षीचा पट्टा जितका रुंद आणि रंग जितके जास्त, तितके विणकराचे दिवस जास्त. आम्ही बारीक पट्ट्याची, पण चांगल्या लोकरीची घेतली. बाबा ती अजून रोज सकाळी फिरायला जाताना पांघरतात.

दोन पोरांचा बाप:
मुलं दहावी-बारावीत. जयपूरला प्रत्येकाच्या हातात ठरावीक रोख रक्कम दिली आणि सांगितलं, उरले तर तुमचे. बापू बाजारात लेकीने सांगानेरी छापाच्या कुर्त्यासाठी पाच दुकानं पालथी घातली, शिवण उलटून बघितली, रंग जातो का म्हणून ओला रुमाल घासून पाहिला. मला फार कौतुक वाटलं. मुलगा काहीच न घेता पैसे घेऊन परत आला. तेही चालतं.

जर्सीतली कोल्हापुरी:
आमची सुट्टी म्हणजेच भारत. पुण्यात लक्ष्मी रोड, कोल्हापुरात महाद्वार रोड, आणि मागे नातेवाइकांची लग्नं. दोन गोष्टी आवर्जून सांगते.

एक, रक्कम रुपयांतच ठरवा. डॉलरमध्ये विचार केला की प्रत्येक साडी स्वस्तच वाटते आणि बघता बघता हिशोब हाताबाहेर जातो. दुसरी, साडीची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. फॉल, पिको, ब्लाउजची शिलाई, अस्तर, डिझायनर गळा असेल तर त्याचे वेगळे, शिवाय परकर. लग्नसराईत टेलर घाईचे जास्त घेतात, ते त्यांचं रास्तच आहे. म्हणून कापड पहिल्या आठवड्यातच टाका, म्हणजे एकदा घालून बघून दुरुस्तीलाही वेळ मिळतो. रकमेचा एक भाग मी शिलाईसाठीच राखते. साडी घरी येऊन ब्लाउजविना वर्षभर कपाटात पडून राहिली तर जीव हळहळतो.

हलकी बॅग:
देशातल्या विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो सामान न्यायला मिळतं. पैशांबरोबर किलोही वेगळे काढा. जयपुरी रजई, चादरी घ्यायच्या असतील तर दुकानातूनच पार्सल करा आणि त्याचा खर्च याच रकमेत धरा.

शिर्डीहून पुढे:
शिर्डीला जाणाऱ्यांनो, येवला तिथून जेमतेम तासाभरावर आहे. माझ्या मोठ्या बहिणीने अंगणवाडीच्या मानधनातून पोस्टात आवर्ती ठेव ठेवली होती, फक्त पैठणीसाठी. पाच वर्षांनी मुदत भरली तेव्हा आम्ही दोघी गेलो. विणकरदादांनी पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या पैठणीत मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या साडीला मागून सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. ती वाईट असते असं नाही, पण तिचा भाव तिच्यासारखाच हवा. ताईने मोरपंखी रंग घेतला. पैसे मोजताना तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

नवीन सभासद:
आम्ही गुजरातेतल्या पाटणला राणी की वाव ही पायऱ्यांची विहीर बघायला जातोय. तिथली पटोळा साडी घ्यावी असं बायकोच्या मनात आहे. किती काढून ठेवू?

धागाकर्ती (ही चर्चा सुरू करणारी):
दादा, पाटणचा खरा पटोळा दुहेरी इकतचा. उभे आणि आडवे, दोन्ही धागे आधी बांधून रंगवतात आणि मग नक्षी जुळवत विणतात. एका साडीला महिनोन् महिने लागतात, किंमत लाखांत जाते. राजकोटकडचा एकेरी इकतचा पटोळा काही हजारांपासून मिळतो, तोही सुरेखच असतो. पाटणमध्ये साळवी कुटुंबाचं विणकाम पाहायला जरूर जा. आणि वहिनींना रक्कम आधीच सांगा, बाजारात उभं राहून नको.