बायपासच्या पलीकडचं मतदान केंद्र

दादा, नगरपरिषदेच्या मतदान केंद्रांची फेरतपासणी चाललीय त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘दोन किलोमीटरच्या आत आहे ना, मग ओरड कशाला?’ दोन किलोमीटरचा निकष निवडणूक आयोगाचाच, मान्य. पण आमच्या वस्तीपासून केंद्राची शाळा जेमतेम एक किलोमीटर, आणि मधे बायपास. दुभाजक सलग. म्हातारी माणसं ट्रकांमधनं वाट काढत पलीकडं जाणार का? बीडला २०२४ च्या लोकसभेचं मतदान १३ मेला होतं, त्या उन्हात चालून बघा एकदा.

दुसरं म्हणजे, नगरपरिषदेला एकाच बटणावर भागत नाही. अध्यक्षाचं एक मत, शिवाय प्रभागातल्या दोन-दोन जागांची मतं. माणसामागं वेळ जास्त जातो, रांग लांबते. (साडेपाचला, मतदान संपायच्या वेळेला, जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं, चिठ्ठी मिळते. कित्येकांना हे ठाऊकच नसतं, फाटकातनं परत फिरतात.)

रॅम्प असतो हो, फोटोपुरता. वर्गाच्या दाराशी वीतभर उंचीचा उंबरा, चाकाची खुर्ची तिथंच अडते.

डिसेंबरात मतदान आलं की निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, तेव्हा केंद्र दारात आणूनही उपयोग नाही. पण तो वेगळा विषय.

हरकत लेखी द्या, शक्यतो वस्तीच्या सह्यांनिशी, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरनं हलू नका. पर्यायी खोली कुठली तेही त्यातच लिहा. आमच्याकडं समाजमंदिर आहे, तळमजल्यावर, नळासकट.