मदत हवी आहे: भाचीला मुलाखतीत इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायची आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची देवगड तालुक्यातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.एस्सी. हंगामात आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये काम करते. पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला आंबा निर्यातीच्या एका कंपनीत तिची मुलाखत आहे, माल तपासणीच्या जागेसाठी. मुलाखत इंग्रजीतून होणार.

कामाचं काहीही विचारा. देठ ठेवून फळ का काढायचं, चीक सालीवर ओघळला की डाग कसा पडतो, अमेरिकेच्या मालाला विकिरण (किरणांचा मारा) आणि जपानच्या मालाला वाफेची प्रक्रिया कशाला, सगळं नीट सांगते. पण ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की मान खाली. ‘मामा, माका सगळा कळता, पण तोंडातसून भायर येणा नाय,’ म्हणते. यूट्यूबवरून उतरवलेली ओळख पाठ केलीय: ‘मायसेल्फ अमुक, आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली...’ एक शब्द अडला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. ऐकताना जीव तुटतो, कारण त्या ओळींत ती कुठेच नाही.

‘मायसेल्फ’ चालतं का? घरच्यांबद्दल किती सांगायचं? मराठी माध्यमाचं आपणहून सांगावं का? आणि मध्येच अडलं तर काय म्हणायचं? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

दादा, बरीच वर्षं मुलाखती घेतल्यात, म्हणून लिहितेय.

‘मायसेल्फ’ नको. ‘आय अ‍ॅम’ आणि पुढे नाव, बस्स. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही चुकीचं, पण भावंडं आणि छंद विचारल्याशिवाय काढूच नका. शिक्षण एका वाक्यात. मराठी माध्यम लपवायचं नाही, आणि मुद्दाम सांगायचंही नाही.

गाव मात्र ठणकावून सांगू दे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यांत देवगडचा सिंधुदुर्ग आहे. आंब्याच्या कंपनीत ‘आय अ‍ॅम फ्रॉम देवगड’ या वाक्याला वजन आहे.

मग लगेच कामावर यायचं: ‘आय चेक द फ्रूट फॉर साइझ, मॅच्युरिटी अँड सॅप बर्न.’ (सॅप बर्न म्हणजे तोच चिकाचा डाग.) समोरचा इथेच पुढचा प्रश्न विचारेल, आणि तो तिच्या हातखंड्याचा असेल. सगळं मिळून मिनिटभर पुरे.

पाठांतर आजच थांबवा. नाव, गाव, शिक्षण, काम एवढा क्रम डोक्यात ठेवायचा, वाक्यं दर वेळी नवी झाली तरी चालतील. सरावाला तुम्ही समोर बसा आणि तिला दर वेळी वेगळ्याच जागी प्रश्न विचारून मध्येच अडवा. उत्तर देऊन तिथूनच पुढे जायचं, मागे नाही. अडली तर ‘लेट मी से दॅट अगेन’ म्हणायचं आणि तेवढंच वाक्य परत. त्यात कमीपणा नाही, आम्हीही बैठकांत हेच म्हणतो.

आणि फोनवरही एकदा सराव घ्या. चेहरा दिसत नसला की आवाज किती खाली जातो ते कळतं.