मदत हवी आहे: एआयडीईच्या मेलमधला कुठला बदल अपडेटचा आणि कुठला घुसखोराचा, हे कसं ओळखायचं?

मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन १२ लिनक्स आणि कोहा हे वाचनालय चालवायचं सॉफ्टवेअर. सभासदांचे पत्ते, फोन नंबर, कोणी कुठलं पुस्तक नेलं, हे सगळं त्यात आहे. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ही. कोणी आत शिरून एखादी फाइल बदलली, तर ते मला कळायलाच हवं.

म्हणून एआयडीई बसवलं. ते फाइलींची नोंद एका डेटाबेसमध्ये ठेवतं आणि नंतर काही बदललं की कळवतं. नोव्हेंबर २००३ मध्ये खुद्द डेबियनच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली होती, तेव्हा काही यंत्रांवर ‘इनिट’ची (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल बदलल्याचा इशारा एआयडीईनेच दिला होता. ते वाचल्यापासून माझा त्याच्यावर भरवसा आहे. शिवाय डेबियनमध्ये त्याचे नियम बऱ्यापैकी तयार मिळतात.

अडचण रोजच्या मेलची आहे. सुरक्षा अपडेट्स आपोआप होतात. पर्ल भाषेचं किंवा कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) एखादं अपडेट आलं की पुढच्या मेलमध्ये ओळींचा ढीग: जुना हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), नवा हॅश, आयनोड (फाइलीचा डिस्कवरचा क्रमांक), एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ), सीटाइम (मजकूर किंवा परवानग्यांसारखी माहिती बदलल्याची वेळ). डेटाबेस तसाच ठेवला तर तेच बदल रोज पुन्हा येतात, आणि खऱ्या घुसखोरीची एखादी ओळ त्यात असली तरी नजरेतून सुटेल.

सेटिंगमध्ये ‘कॉपीन्यूडीबी’ नावाचा पर्याय दिसला. तो चालू केला की तपासणीनंतर नवा डेटाबेस आपोआप जुन्याच्या जागी जातो. पण मग घुसखोराने केलेला बदलही एकदाच मेलमध्ये येणार आणि दुसऱ्या दिवसापासून ‘मंजूर’ होणार. हे मला पटत नाही.

तर, अपडेटनंतर डेटाबेस नवा करायची सुरक्षित पद्धत कोणती? ज्याला रूट (सर्व अधिकार) मिळालं तो डेटाबेसही बदलू शकतो, मग तो ठेवायचा कुठे? कोहाचं झेब्रा इंडेक्सिंग (पुस्तकं शोधण्यासाठीची सूची बनवणं) दिवसभर चालू असतं, तर व्हारमधलं कोहाचं लिब फोल्डर सरळ वगळू का? की हे सगळं सोडून वाझूह (सर्व्हरांवर पाळत ठेवणारी दुसरी प्रणाली) लावू?

प्रतिसाद १

कॉपीन्यूडीबी बंदच राहू द्या, तपासणीची वेळ बदला. डेबियन १२ मध्ये आपोआप अपडेटचा टायमर मुळात सकाळी ६ चा असतो आणि त्यात तासाभरापर्यंत उशीर होऊ शकतो. सहाच्या आधी एक तपासणी घ्या. ती कोरी यायला हवी. सातनंतर दुसरी घ्या. या दोन्हींच्या मधले बदल त्या दिवशी अपडेट झालेल्या पॅकेजांचेच असले पाहिजेत. पॅकेजांची नावं एपीटीच्या (पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या) हिस्टरी लॉगमध्ये मिळतात आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची ते डीपीकेजी ही कमांड सांगते. छोटी स्क्रिप्ट लिहून जुळणाऱ्या फाइली गाळा, मेलमध्ये फक्त उरलेल्या येऊ द्या. लायब्ररींची कॅशे आणि इनिटरामएफएस (बूट होताना लागणारी फाइल) कुठल्याच पॅकेजच्या यादीत नसतात, त्या उरणारच.

नुसतं नाव जुळून भागत नाही, डेबसम्सही चालवा, ते फाइली पॅकेजच्या मूळ हॅशशी ताडतं. मात्र त्याचे एमडी५ हॅश त्याच डिस्कवर असतात. शंका आली तर तेच पॅकेज दुसऱ्या यंत्रावर अधिकृत रिपॉझिटरीतून उतरवून ताडून बघा. हे झाल्यावरच डेटाबेस हाताने बदला.

डेटाबेस, कॉन्फिग आणि एआयडीईची बायनरी, तिन्हींची प्रत दुसऱ्या यंत्रावर हवी. ती त्या यंत्राने ओढून न्यावी, सर्व्हरने ढकलू नये. ढकलण्यासाठी लागणारी एसएसएच की (दुसऱ्या यंत्रात शिरायची किल्ली) सर्व्हरवर ठेवली, तर घुसखोराला तीही मिळते.

कोहाचं अख्खं फोल्डर कृपया वगळू नका! झेब्राचे इंडेक्स वगळा, पण प्लगइन्स तिथेच शेजारी असतात आणि तो चालणारा कोड आहे. घुसखोराला लपायला तीच जागा सोयीची. मारियाडीबीच्या (कोहाच्या नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसच्या) डेटा फाइली वगळायला हरकत नाही, फक्त टेबलांत कोणी काय बदललं हे एआयडीईला कळत नाही, हे ध्यानात असू द्या.

नियमांतून सीटाइम काढू नका. एमटाइम ‘टच’ कमांडने हवा तो लावता येतो. सीटाइम कर्नल लावतो, तो खोटा करायला घड्याळ बदलण्यासारखे जास्तीचे उद्योग करावे लागतात.

वाझूह चांगलं आहे, बदल लगेच कळवू शकतं. पण त्याच्या मॅनेजरला (माहिती गोळा करणाऱ्या मुख्य भागाला) वेगळं यंत्र लागतं. एका सर्व्हरसाठी मी तो व्याप करणार नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो. रूटकिट (घुसखोराला लपवणारा प्रोग्राम) कर्नलमध्येच बसलं, तर एआयडीईने फाइल मागितल्यावर ते जुनी फाइल दाखवू शकतं. व्हीपीएसवर स्नॅपशॉटची (त्या क्षणाच्या डिस्कची प्रत घेण्याची) सोय असेल तर अधूनमधून ती प्रत दुसऱ्या यंत्रावर फक्त-वाचन पद्धतीने माउंट करून (एखाद्या फोल्डरला जोडून) तिथून तपासणी करा. संशयित कर्नल त्यात मध्ये येतच नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. प्लगइन्सचं माझ्या लक्षातच आलं नसतं. स्नॅपशॉटची सोय आहे. पण दुसरीकडे माउंट केल्यावर प्रत्येक पाथच्या आधी माउंट पॉइंट लागेल, मग जुन्या डेटाबेसशी तुलना कशी जुळणार?

प्रतिसाद २

कॉन्फिगमध्ये ‘रूट_प्रिफिक्स’ला तो माउंट पॉइंट द्या. नियम लावण्याआधीच एआयडीई तेवढा भाग नावातून काढून टाकतं. डेबियन १२ मधल्या आवृत्तीत हे चालतं. डेटाबेस मात्र ओढून आणलेलाच वापरा, स्नॅपशॉटमधला नको.