मदत हवी: बाबा बिडी ओढतात, विमानात ऑक्सिजन कमी पडेल का?

मिसळप्रेमी: शनिवारी मुंबई ते नेवार्क, पंधरा तासांच्या वर. मागे दिल्लीहून येताना बाबांचे ओठ निळसर झाले न एकदम गप्प बसले, उतरल्यावर ठीक. बिडी चाळीस वर्षं. काय करू, पटकन सांगा.

सह्यवेडा: वय? दम लागतो का? ऑक्सिमीटरवर घरी किती येतं?

मिसळप्रेमी: ६८. दम तसा काही नाही, जिन्यात मध्ये बसतात फक्त.

चहाटळ: कापूर हुंगायला द्या. लेहला आम्ही रुमालात बांधून नेला होता, रामबाण.

सह्यवेडा: कापराने ऑक्सिजन वाढत नाही हो. केबिनमधली हवा ८००० फुटांपर्यंतच्या उंचीइतकी विरळ असते, म्हणजे शिमल्याच्याही थोडं वर. तिथे धडधाकट माणसाचंही रीडिंग ९०-९३ पर्यंत उतरतं.

कट्ट्यावरचा: उगाच घाबरवू नका. मी २५ वर्षं सिगरेट ओढतो, दुबईला सारखा जातो, काऽही होत नाही.

गोळीवाली: तुमची फुप्फुसं अजून सांभाळून घेतायत. हवा विरळ झाली की श्वास न ठोके वाढवून शरीर भागवतं, पण धुराने खराब झालेल्या फुप्फुसात तेवढी ताकद उरत नाही. वर धुरातला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट हिमोग्लोबिनला चिकटतो, न असलेला ऑक्सिजनही पेशींना नीट सुटत नाही. @मिसळप्रेमी, इनहेलर चालू आहे का?

मिसळप्रेमी: हो आहे की, दोन वर्षांपासून. आत्ता रीडिंग घेतलं, ९१. टपरीवरून नुकतेच आलेत.

सह्यवेडा: इनहेलरचं आधी सांगायचं ना राव!

गोळीवाली: खरं त्याहून कमी असणार, साधं ऑक्सिमीटर मोनॉक्साइडलाही ऑक्सिजनच समजतं. जमिनीवरच ९२ च्या खाली म्हणजे विमानात ऑक्सिजन लागेल असंच धरायचं. उद्याच छातीच्या डॉक्टरांना दाखवा, एअरलाइनचा मेडिकल फॉर्म भरून घ्या, त्याला वेळ लागतो. घरचा सिलेंडर नेऊ देत नाहीत, पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं छोटं मशीन) चालतो पण आधी परवानगी काढून. बिडी आजपासून बंद, मोनॉक्साइड ४-५ तासांत निम्म्यावर येतो.

कट्ट्यावरचा: मग रात्री झोपून उठलो की मी साफ :)

गोळीवाली: रक्त बऱ्यापैकी. फुप्फुसं नाही.

मिसळप्रेमी: तिकीट पुढे ढकलायचं तर बहिणीचं डोहाळजेवण चुकतं. बाबा म्हणतात काही झालं नाहीये मला. काड्यापेटी मी लपवलीय.

चहाटळ: व्हीलचेअर मात्र बुक करा, इमिग्रेशनची लाईन वाचते.