साहेब कसा होता तुमचा? (अनुभव धागा)

पेजभात
गणपतीच्या रजेवरून नवऱ्याच्या हापिसात धुसफूस चालू आहे, त्यावरून माझी रत्नागिरीतली पहिली नोकरी आठवली. तिथले साहेब मागच्या वर्षी कोणाला किती रजा मिळाली ते फळ्यावर लिहायचे आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकायचे. मला एकदा नुसता विसर्जनाचा दिवस आला. चरफडले, पण साहेबांवर राग नाही धरला. त्यांच्या जागी आलेल्यांनी केबिनमध्ये बोलावून मला हवी तेवढी रजा दिली, वर "कुणाला सांगू नका". मोदक घशाखाली उतरेनात हो! तुमचे अनुभव लिहा.

तांडेलाचो झील
होडीर साधा असता. मासळीच्या पैशातना डिझेल, बर्फ, रेशन वजा, मगे वाटे. तांडेलाक (होडी हाकणाऱ्याक) जास्ती मिळता, पण कोणाक वायट वाटणा नाय, दर्या खवळलो की सुकाणूर तोच. वही न दाखवता "ह्या घ्या" म्हणणाऱ्या मालकाचे खलाशी मात्र पावसातली मासेमारीबंदी सुटली की १ ऑगस्टाक दुसऱ्या बोटीर.

कोलंबीकढी
बंदीत ताजं काही मिळतंय का रे? आमच्याकडे सुकटच चाललीय.

तांडेलाचो झील
बिनइंजिनाच्या होडयेक बंदी नसता. सकाळी बंदरार ये.

वेंगुर्ल्याची
आई काजू सोलायला जायची. किलोवर पैसे, अख्ख्या गराला वेगळा दर. मुकादमीण काटा स्वतःकडे तोंड करून ठेवायची. वजन बरोबरही असेल, पण दिसायचं नाही ना! नवीन आली तिने काटा बायकांकडे फिरवला. दर तोच, कटकट बंद. भाकरी करपतेय, येते.

टाय_लावलेला
मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम्सची इक्विटी (न्याय्य वाट्याची) थिअरी, १९६३. माणूस नुसता स्वतःचा पगार बघत नाही, शेजारच्याचे कष्ट आणि मोबदलाही मोजतो. पुढे १९७५ मध्ये थिबो आणि वॉकर या संशोधकांनी कोर्टातल्या वादांवरून मांडलं, की आपलं म्हणणं मांडायला मिळालं तर विरुद्ध निकालही पचतो.

कोलंबीकढी
पगारच उशिरा देणारा कुठल्या थिअरीत बसतो?

माडाखाली
आमचा साहेब देवमाणूस, कुणाला म्हणून बोलला नाही. कामचुकारालाही नाही. अकराला उगवणारा आणि मी, दोघांना सारखंच इन्क्रिमेंट. त्यापेक्षा ओरडणारा परवडला. असो, कुणाकडे कोकमाचं आगळ मिळेल का?

पेजभात
आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा. त्या अकरावाल्याचं पुढे काय झालं?

माडाखाली
तोच आता माझा साहेब. आगळ दोन बाटल्या, बिनमिठाचं.