मदत हवी आहे : कुठल्या नंबरचा गळ घेऊ? (तातडीचं)

अर्धवट_कोकणी | बुधवार, रात्री ११:०८

मंडळी, पटकन सांगा. रविवारी पहाटे परत बसायचंय.

गेल्या शनिवार-रविवारी मिळून सात तास बसलो, एक मासा नाही. आमिष मात्र पाच मिनिटांत फस्त. दोरीला टकटक जाणवते, ओढतो, आणि वर येतो तो धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ गळ. ऑनलाइन शंभर गळांचा डबा घेतलाय, ३ ते १२ नंबर, दहा खाने. व्हिडिओत सांगितलं होतं की छोट्या माशांना १२ नंबर, म्हणून १२च लावतोय. तरी हे. आता याहून बारीक म्हणजे १४ की १६ मागवू? आज रात्री ऑर्डर टाकली तर शनिवारपर्यंत येईल.

रॉड-रीळ नवीन आहे, त्याचा प्रश्न नाही. मेहुणा शेजारी बसून दात काढतो, तो प्रश्न आहे. कृपया फक्त नंबर सांगा.

---

उजनीकाठ | बुधवार, रात्री ११:३१

भाऊ, कोळंबी-बिळंबीच्या नादी लागू नका. सरळ गांडूळ लावा, ८ नंबर गळ, वर थर्माकोलचा तरंगा. आमच्याकडे उजनीच्या पाण्यात चिलापी अशी मिळते की पिशवी कमी पडते. गांडूळ नसेल तर कणीक घट्ट मळा, त्यात शेंगदाण्याची पेंड भाजून घाला, हरभऱ्याएवढी गोळी करा. त्याला सायप्रनस मासाही लागतो.

आणि तलाव ठेक्याने दिलेला असतो, मच्छीमार सोसायटीवाल्यांना आधी विचारा. नाहीतर रॉड जप्त.

---

केवड्याचो_झील | गुरुवार, सकाळी ६:१४

अरे बाबा, गरी खंय टाकतंस तां आदी सांग. नंबर मागीर.

---

अर्धवट_कोकणी | गुरुवार, सकाळी ८:५०

जेट्टीवरून टाकतो. पाण्यात. @उजनीकाठ, कोळंबीच लावतोय, तुम्हाला कसं कळलं? धरण नाहीये. नंबर सांगा ना कुणीतरी.

---

सुकती_भरती | गुरुवार, सकाळी ९:२०

“पाण्यात” वाचून बरं वाटलं, नाहीतर आम्ही समजलो असतो गच्चीवरून टाकता.

साहेब, माहिती द्या, म्हणजे उत्तर मिळेल. खाडी की उघडा समुद्र? भरतीला बसता की सुकतीला? कोळंबी सोललेली की सालासकट, अख्खी की तुकडा? दोरी किती जाडीची? दोरीला शिशाचं वजन किती, आणि ते गळाच्या वर आहे की खाली? टकटक लागते तेव्हा लगेच हिसका देता की थांबता? आणि डबा कुठल्या कंपनीचा, त्यावर काय लिहिलंय?

---

टँपाकर | गुरुवार, सकाळी ९:४४

एकच उत्तर: सर्कल हुक घ्या, विषय संपवा. याचं टोक आत दांड्याकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळतो तेव्हा गळ घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. हिसका द्यायचाच नाही, नुसतं रीळ फिरवत राहायचं. मासा लहान निघाला तर जिवंत सोडता येतो. इथे अमेरिकेत, मेक्सिकोच्या आखातात केंद्र सरकारच्या हद्दीत खडकातल्या माशांना नैसर्गिक आमिष लावायचं असेल तर सर्कल हुकच लागतो, तोही स्टेनलेसचा चालत नाही. २००८ पासून नियम आहे. भारतात अजून लोक साध्या, इंग्रजी J च्या आकाराच्या जे-हुकवरच अडकलेत, याचं आश्चर्य वाटतं.

---

सुकती_भरती | गुरुवार, सकाळी १०:०२

@टँपाकर, माहिती बरोबर आहे, पण माणसाला अजून एक मासा मिळालेला नाही आणि तुम्ही तो सोडायचा कसा ते शिकवताय. टकटक करणाऱ्या बारीक तोंडाच्या माशाला सर्कल हुक? तो आमिष गिळतच नाही, कुरतडतो. गळ कोपऱ्यात जाईल कसा?

---

टँपाकर | गुरुवार, सकाळी १०:१५

बारीक सर्कल हुकही येतात. वापरून न बघता बोलू नये.

---

सुकती_भरती | गुरुवार, सकाळी १०:२१

वापरले आहेत. तांबोशीला मस्त. काळुंदरसारख्या बारीक तोंडाच्या माशाला शून्य.

---

भातखाचर | गुरुवार, दुपारी १२:४०

गळ, रॉड, रीळ हे सगळं शहरी खूळ. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की रात्री बॅटरी घेऊन वहाळावर जायचं, चढणीचे मासे उलट्या प्रवाहाने शेतात शिरतात, टोपलीने भरायचे. आमची आजी पातेलं चुलीवर ठेवूनच वाट बघायची.

---

रेवस_रोज | गुरुवार, दुपारी १२:५५

अवांतर: चढणीचे मासे अंडी घालायलाच वर जातात, पोट गाभोळीने भरलेलं असतं. टोपल्या भरभरून नेल्या म्हणूनच आता वहाळात काही उरलं नाही. आजीच्या काळी ठीक होतं.

---

भातखाचर | गुरुवार, दुपारी १:१०

वहाळात मासे उरले नाहीत ते शेतातल्या औषधांमुळे, आमच्या टोपलीमुळे नव्हे.

---

अर्धवट_कोकणी | गुरुवार, दुपारी १:३३

माझा धागा आहे हो!

दाभोळ खाडी, सासुरवाडी तिथली. सकाळी साडेसहा ते दहा, भरती की सुकती ते बघितलं नाही. कोळंबी अख्खी, सालासकट, बाजारातली. दोरी ०.३५ मिमी. शिसं तळाला, गळ त्याच्या वर वीतभर. टकटक झाली की लगेच ओढतो, अजून काय करणार? मासा कुठला ते माहीत असतं तर इथे विचारलं कशाला असतं? आणि एकदोनदा गळ गेला, नुसती तुटलेली दोरी वर आली. म्हणजे दोरी पण बदलू?

---

केवड्याचो_झील | गुरुवार, दुपारी २:०५

दोरी तुटली ती जागा कशी दिसता? पिळवटून तुटलेली, की कात्रीन कापल्यासारी?

---

अर्धवट_कोकणी | गुरुवार, दुपारी २:१२

कात्रीने कापल्यासारखी. एकदम साफ.

---

केवड्याचो_झील | गुरुवार, दुपारी २:१८

केंड. दुसरो कोण नाय.

---

सुकती_भरती | गुरुवार, दुपारी २:३०

+१. केंड म्हणजे तो फुग्यासारखा फुगणारा. पोपटाच्या चोचीसारखे दात असतात, तंगूस (नायलॉनची दोरी) काय, जाळीही कुरतडतो. वर आला तर हाताने तोंडाजवळ जाऊ नका, आणि खायचा नाही. विष असतं, शिजवून जात नाही. मांजरालाही घालायचा नाही.

त्या बाजूला शेंगटीही लागेल. तिच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे करवतीसारखे काटे असतात. टोचला तर हात तासभर ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कळ उतरते. फडक्याने धरून पकडीने गळ काढायचा, बोटांनी नाही.

---

शब्दवेडा | गुरुवार, दुपारी ३:१९

एक शंका. वरच्या प्रतिसादांत गळ आणि गरी हे शब्द सरमिसळ वापरलेत. आमच्याकडे गरी म्हणजे काठी, दोरी, गळ असं सगळं मिळून, आणि त्याचं क्रियापद गरवणे. “गळाला लागला” म्हणतो, “गरीला लागला”ही म्हणतो, पण “गरी टोचली” कुणी म्हणत नाही. कोकणात इतरत्र कसं आहे?

---

केवड्याचो_झील | गुरुवार, दुपारी ३:४०

आमच्याकडे गरीच टोचता. माझ्या आंगठ्याक विचार.

---

पक्कडवाला | गुरुवार, सायंकाळी ६:२५

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच विचारली नाही. धागाकर्ते, त्या डब्यातला ३ नंबर आणि १२ नंबर एका काडेपेटीच्या काडीशेजारी ठेवून फोटो टाका.

---

अर्धवट_कोकणी | गुरुवार, सायंकाळी ६:५८

कशाला? नंबर तर छापलेलेच आहेत. बरं, टाकतो.

[फोटो]

१२ नंबर काडीच्या पाऊण लांबीचा भरला. ३ नंबर तांदळाचे दोन दाणे उभे ठेवावेत एवढा.

…अरे, थांबा. १२ मोठा आहे?

---

पक्कडवाला | गुरुवार, सायंकाळी ७:१०

हेच ते.

व्हिडिओतला १२ नंबर हा पाश्चात्य मापातला. त्या मापात १२ पेक्षा १० मोठा, १० पेक्षा ८ मोठा, असं १ पर्यंत. १ नंतर १/०, २/०, ३/० सुरू होतात आणि तिथून आकडा वाढेल तसा गळ वाढतो. त्यातला १२ करंगळीच्या नखावर मावतो. तुमच्या डब्यात जपानी पद्धतीचं माप आहे. त्यात आकडा वाढला की गळ वाढतो, सरळ हिशेब. स्वस्तातले ३ ते १२ चे डबे बहुतेक असेच असतात. म्हणजे तुम्ही सात तास डब्यातला सगळ्यात मोठा गळ लावून काळुंदर धरायला बसला होतात. १४-१६ मागवले असते ते पाश्चात्य मापाचे निघाले असते तर बारीक आले असते, जपानी निघाले असते तर आणखी मोठे. ऑर्डर टाकली नसेल तर टाकू नका, हवं ते डब्यातच आहे.

शिवाय पाश्चात्य मापातही एका कंपनीचा ६ दुसऱ्या कंपनीच्या ६ शी जुळेल असं नाही. मुस्ताद ही नॉर्वेची कंपनी १८७७ पासून गळ बनवते, तिच्याच दोन जातींचे ६ नंबर शेजारी ठेवलेत तरी लांबीत फरक दिसतो, कारण एकाचा दांडा लांब, दुसऱ्याचा आखूड. म्हणून दुकानात नंबर मागायचा नाही, गळ तळहातावर घेऊन बघायचा. बघायचं काय, तर टोक आणि दांडा यांच्यातला गाळा. तो माशाच्या तोंडात सहज जायला हवा, आणि आमिष लावल्यावरही अर्ध्याहून जास्त मोकळा राहायला हवा.

तुमच्यासाठी: डब्यातला ४ किंवा ५ लावा. कोळंबी सोला, शेंगदाण्याएवढा तुकडा, टोक किंचित बाहेर दिसलं पाहिजे. अख्खी कोळंबी सालासकट लावली की टोक मांसात पुरलं जातं आणि मासा बाहेरून कुरतडून मोकळा होतो. धार नखावर तपासा. टोक टेकवून हलकं ओढा, नखात रुतलं तर चांगला, घसरला तर फेका. खाडीतून आल्यावर गळ गोड्या पाण्याने धुवा. ओला गळ डब्यात परत टाकलात तर पुढच्या आठवड्यात सगळा खाना गंजलेला.

---

टँपाकर | गुरुवार, सायंकाळी ७:४५

हे पटलं. पण हिसक्याचं काय? जे-हुकला हिसका लागतो हे कुणी स्पष्ट लिहिलंच नाही.

---

पक्कडवाला | गुरुवार, रात्री ८:०३

पहिल्या टकटकीला नाही. ती नुसती चव बघणं असतं. दोरी सरकायला लागली किंवा जड झाली की मनगटाने छोटा झटका, लाकूड फोडल्यासारखा नव्हे. सर्कल असेल तर तुम्ही म्हणता तसं, झटका नाहीच.

---

उजनीकाठ | गुरुवार, रात्री ८:३०

शेवटी आम्ही म्हणालो तेच, बारीक गळ. आमचा ८ नंबर.

---

सुकती_भरती | गुरुवार, रात्री ८:४१

तुमचा ८ कुठल्या मापातला?

---

उजनीकाठ | गुरुवार, रात्री ८:५५

दुकानदार देतो तो.

---

बालवैद्य | गुरुवार, रात्री ९:३७

डॉक्टर म्हणून दोन ओळी. गळ बोटात उलट्या काट्यापर्यंत रुतला तर ओढून काढू नका, मांस फाटतं. दोरी कापा, गळ हलू नये म्हणून चिकटपट्टी लावा आणि दवाखान्यात या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून ठेवा. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका. नवशिक्याने काटा पकडीने दाबून सपाट केला तर उत्तम. एखादा मासा सुटेल, पण गळ बोटातून सरळ निघेल. आणि मागे फेकताना कोण उभं आहे ते बघा. माझ्याकडे एकाच्या कानाच्या पाळीत अडकलेला गळ आला होता. गळवाला त्याचा मेहुणाच होता.

---

अर्धवट_कोकणी | गुरुवार, रात्री ९:५०

@बालवैद्य, कल्पना चांगली आहे.

---

रेवस_रोज | शुक्रवार, सकाळी ७:३०

तुटलेली तंगूस आणि मोडके गळ जेट्टीवर टाकू नका ही विनंती. गेल्या वर्षी आमच्या कुत्रीच्या पंज्यात गेला होता. रिकामी बाटली न्या, त्यात भरा.

---

अर्धवट_कोकणी | रविवार, दुपारी १:१५

अहवाल. पहाटे सहाला बसलो, या वेळी पाणी भरत होतं. आधी ५ नंबर लावला, गाठ दोनदा सुटली. मग मेहुण्याने दाखवलं: दोरी गळाच्या डोळ्यातून ओवायची, स्वतःभोवती पाच-सहा पीळ, टोक डोळ्याजवळच्या फटीतून परत आणायचं आणि ओढायच्या आधी थुंकी लावायची. कोरडी ओढली की तंगूस तिथेच तापून कच्ची होते म्हणे. त्यानंतर सुटली नाही.

सोललेल्या कोळंबीचा तुकडा, जेट्टीच्या खांबाला लागून. साडेसातपर्यंत टकटकच. मग दोरी हळूच डावीकडे चालायला लागली, तेव्हा झटका दिला. तळहाताएवढी काळुंदर, अंगावर मोत्यांसारखे ठिपके. तासाभरात अजून दोन. चौथ्या वेळी केंड आला, सिमेंटवर फुगून बसला, गळ त्याच्याकडेच ठेवून दोरी कापली आणि पायाने पाण्यात ढकलला.

फोटो टाकलाय. सासूबाईंनी तव्यावर टाकलेतसुद्धा. मेहुणा आता ३ नंबर मागतोय.

---

सुकती_भरती | रविवार, दुपारी १:४०

अभिनंदन. फोटोतला उजवीकडचा मात्र काळुंदर नाही. ते तांबोशीचं पिल्लू आहे, सोडायला हवं होतं.

---

अर्धवट_कोकणी | रविवार, दुपारी १:५२

तेच सगळ्यात चविष्ट लागलं. आधी सांगायचं ना.