व्यक्तिचित्र सुधारताना सहकारी चित्रकारांचे किती ऐकावे?

मूळ प्रस्ताव

आत्याचे तैलरंगातील व्यक्तिचित्र पूर्ण झाले असे वाटल्यावर मी ते तीन चित्रकार मित्रांना दाखवले. पहिल्याने चित्र आरशात पाहायला सांगितले आणि कित्येक दिवस नजरेतून सुटलेली चूक क्षणात दिसली: चेहरा बाजूला वळलेला असूनही पलीकडचा डोळा मी अलीकडच्याइतकाच रुंद काढला होता. दुसऱ्याने बुबुळाभोवतालच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवले. तो मी जवळजवळ शुद्ध पांढऱ्याने रंगवला होता. वास्तविक वरच्या पापणीची सावली पडत असल्यामुळे तो भाग कपाळावरच्या उजेडापेक्षा बराच गडद दिसतो. या दोन दुरुस्त्यांनी चेहऱ्याला खोली आली. तिसऱ्याच्या सांगण्यावरून ओठांच्या कडा मऊ केल्या, तेव्हा मात्र चित्रातली बाई दिसायला बरी झाली, पण ती आत्या राहिली नाही.

तरीही माझे मत असे की, रोज तेच चित्र पाहून नजर सरावते, आणि म्हणून दुसऱ्या चित्रकाराच्या नजरेखालून गेल्याखेरीज व्यक्तिचित्र पूर्ण झाले असे समजू नये. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत चित्रकाराला सपाट आरशात काम पाहण्याचा आणि इतरांची मते ऐकून घेण्याचा सल्ला दिला आहे.

प्रतिसाद १

तिसऱ्या सल्ल्याची हकिकत आपण एका वाक्यात उरकलीत. माझ्या मते चर्चा तिचीच व्हायला हवी. फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसो यांनी 1870 च्या पॅरिसमधील सालों प्रदर्शनासाठी आपली आई आणि बहीण यांचे चित्र रंगवले होते. त्याविषयी शंका वाटली म्हणून त्यांनी आपले चित्रकार मित्र एदुआर माने यांचे मत विचारले, तर माने यांनी स्वतःच कुंचला उचलला आणि आईच्या आकृतीवर ते झग्यापासून डोक्यापर्यंत रंगवत गेले. चित्र प्रदर्शनात स्वीकारले गेले, पण मोरिसो यांना त्याचा फार मनस्ताप झाला. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आईच्या काळ्या वस्त्रावरचे रुंद फटकारे आणि बहिणीच्या चेहऱ्याची नाजूक हाताळणी एका हातची वाटत नाहीत.

चेहऱ्याची ओळख बहुधा त्याच्या वाकडेपणात असते: एका बाजूला ओढलेली जिवणी, किंचित वर चढलेली भुवई. ज्याने ती व्यक्ती पाहिलेलीच नाही, त्याला हाच वाकडेपणा रेखाटनाची चूक वाटतो आणि तो प्रामाणिकपणे ती दुरुस्त करायला सांगतो. चार जणांचे ऐकले की चार ओळखखुणा जातात.

प्रतिसाद २

माने यांचे उदाहरण येथे लागू होत नाही. त्यांनी मत दिले नाही, कुंचला हिसकावला. मत मागणाऱ्याने कुंचला स्वतःच्या हातात ठेवावा, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मला खरी अडचण वेळेची वाटते. आपण चित्र पूर्ण झाल्यावर दाखवता आणि वर ‘कसे वाटले?’ असे विचारता. त्यावर कौतुक किंवा आवडनिवड यांपलीकडे काय मिळणार? डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण मध्यावर आहे का, हनुवटीखालची सावली मानेपासून सुटते का, हे प्रश्न रेखाटन आणि पहिला पातळ थर या टप्प्यांवर विचारावेत. तेथे डोळा सरकवायला काही क्षण लागतात. शेवटी सरकवायचा झाला, तर पापणी, कानशील आणि नाकाची बाजू हे सगळेच पुन्हा रंगवावे लागते. शिवाय तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढला की पुढे तडे जाण्याची भीती असते, ते वेगळेच.

प्रतिसाद ३

चित्र समोर बसवून केले की फोटोवरून? अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. मित्रही त्याच फोटोशी ताडून पाहणार असतील, तर ती चूक कोणालाच सापडणार नाही.

मूळ प्रस्तावक

प्रतिसाद ३ ने नेमक्या जागी बोट ठेवले. बाकी चेहरा समोर बसवून रंगवला, ओठ मात्र फोटोवरून पूर्ण केले, आणि फोटोसाठी आत्याने ते घट्ट मिटून धरलेले होते. म्हणजे ओठ ताठ दिसतात हे तिसऱ्या मित्राचे निरीक्षण बरोबर होते. कडा मऊ करा हा त्याचा उपाय चुकला, आणि तो न तपासता स्वीकारणे ही माझी चूक. त्यामुळे प्रतिसाद १ शी मी अर्धाच सहमत आहे. आत्याला कधीही न पाहिलेल्या माणसाला दोष दिसला, जो रोज पाहणाऱ्या मला दिसला नव्हता.

प्रतिसाद १

दोष दिसला हे मान्य. पण उपाय शेवटी आत्यांच्याच चेहऱ्यावर शोधावा लागणार ना? ओठांचा रंग खरवडण्यापूर्वी चित्र त्यांना दाखवलेत का?

मूळ प्रस्तावक

कालच दाखवले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, “डोळे माझे आहेत, तोंड धाकटीचे आहे.” रविवारी ती पुन्हा बसणार आहे. या वेळी तिला बोलते ठेवणार आहे, आणि तो फोटो खोलीतही आणणार नाही.